घंटा, दोरी आणि वेदना

पहाटेच्या मिस्सेला नियमाने येणारी, मागच्या बाकावर बसणारी आणि गुडघे टेकताना पुढच्या बाकाची कड घट्ट धरणारी एखादी माउली आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असते. तिची मान दुखते, खांदे दुखतात, कंबर दुखते, हातापायांत कळा येतात. रात्र सरते, पण झोपेने विसावा मिळत नाही. रक्त तपासले, एक्स-रे काढले, तरी कागदावर सारे 'नॉर्मल' येते. मग घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. 'हिला काही झालेले नाही' हा निर्णय आधी डोळ्यांनी आणि पुढे शब्दांनी दिला जातो. आम्हीही असा निर्णय कधी ना कधी दिलेला आहे, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

सर्वांगाला व्यापणाऱ्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या आणि नेहमीच्या तपासण्यांत न सापडणाऱ्या अशा एका दुखण्याला आज वैद्यकशास्त्र 'फायब्रोमायॅल्जिया' असे नाव देते. प्रत्येक अंगदुखी म्हणजे फायब्रोमायॅल्जिया नव्हे. रोगाचे निदान करणे आणि औषध देणे हे डॉक्टरांचे काम, ते आम्ही अंगावर घेत नाही. आम्हाला सांगायचा आहे तो एका प्रश्नाचा इतिहास. 'दुखते म्हणतेस, पण जखम कुठे आहे?' हा तो प्रश्न. तो विचारणे शहाणपणाचे आहे असे विद्वानांनी तीनशे वर्षे मानले. तो अपुरा आहे हे त्यांना कसे उमगले, हे पाहण्यासारखे आहे.

देकार्तची दोरी

वेदनेविषयीच्या आपल्या रूढ समजुतीला रेखीव आकार दिला तो रेने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने. जेझुइट फादरांच्या ला फ्लेश येथील विद्यालयात तो शिकला. विश्वरचना आणि मानवी देह यांविषयी लिहिलेले आपले पुस्तक तो छापण्याच्या बेतात होता. इतक्यात १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याची वार्ता आली. पृथ्वी फिरते हे आपल्याही लेखनात गृहीत धरलेले आहे, हे जाणून देकार्तने सारे लिखाण बाजूला ठेवले. १६५० मध्ये तो निवर्तला. देहाविषयीचा भाग त्यानंतर १६६२ मध्ये लॅटिन भाषांतरात आणि १६६४ मध्ये मूळ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला.

त्या पुस्तकात एक चित्र आहे. एका मनुष्याचा पाय विस्तवाजवळ गेला आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक बारीक तंतू गेलेला दाखवला आहे. दोरीचे एक टोक ओढावे आणि त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला टांगलेली घंटा वाजावी, तशी वेदना पायापासून मेंदूत पोहोचते, असे देकार्तने समजावले. ख्रिस्तमंदिराच्या मनोऱ्यातील घंटेचा नाद ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा दृष्टान्त चटकन पटतो. दोरी जोराने ओढली तर नाद मोठा, हळू ओढली तर बारीक, आणि कोणी ओढलीच नाही तर घंटा मुकी.

वेदनेला देहाच्या रचनेत स्थान देणारा हा विचार त्या काळी मोठाच होता. परंतु त्यातून दोन निष्कर्ष आपोआप निघाले. जेवढी जखम तेवढी वेदना, हा पहिला. जखम नसेल तर वेदनाही नाही, हा दुसरा. या दुसऱ्या निष्कर्षाचा भार पुढे असंख्य निरपराध रुग्णांना वाहावा लागला.

गाठींचा शोध

एकोणिसाव्या शतकातील वैद्यांनी साहजिकच दोरी ओढणारा हात शोधायला आरंभ केला. १८४३ मध्ये रोबर्ट फ्रोरीप या जर्मन वैद्यांनी अंगदुखीच्या रुग्णांच्या स्नायूंत बोटांना लागणाऱ्या कठीण, दुखऱ्या जागांचे वर्णन केले. १९०४ मध्ये लंडनचे नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ सर विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरील व्याख्यानात 'फायब्रोसायटिस' हा शब्द घडवला. या शब्दाच्या शेपटीचा वैद्यकीय अर्थ दाह असा होतो. स्नायूंमधील तंतुमय भागाला दाह होतो म्हणून दुखते, असा त्यांचा तर्क होता. त्याच वर्षी ग्लासगोचे राल्फ स्टॉकमन यांनी अशा गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाहाच्या खुणा आढळल्याचे कळवले. कोडे सुटले, असे सर्वांना वाटले.

परंतु पुढच्या तपासण्यांत त्या खुणा पुन्हा सापडेनात. नाव मात्र सुमारे सात दशके टिकून राहिले. मधल्या काळात, १९३८ मध्ये, लंडनमध्ये जॉन केलग्रेन यांनी एक सोपा पण मार्मिक प्रयोग केला. निरोगी माणसांच्या स्नायूंत त्यांनी खारट पाण्याचे तीव्र द्रावण टोचले. वेदना सुईच्या जागी न राहता दूरवर जाणवू लागली. जिथे दुखते तिथेच दुखण्याचे मूळ असेल असे नाही, हे यावरून स्पष्ट झाले. दोरीचा दृष्टान्त येथे प्रथमच सैल पडू लागला होता.

ईयोबाचे मित्र

दाह सापडत नाही म्हटल्यावर वैद्यकाने दुसरी वाट धरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी रुग्णालयांत अशा दुखण्याला 'मनोजन्य संधिवात' म्हटले जाऊ लागले. शरीरात दोष नाही, तेव्हा तो मनात असलाच पाहिजे, असा हा हिशेब होता. रुग्णाच्या कानांवर तो येई तेव्हा त्याचा अर्थ एवढाच उरे: 'तुझे दुखणे खोटे आहे.'

अशा वेळी पवित्र शास्त्रातील ईयोबाची आठवण होते. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र सांत्वन करायला आले. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तोवर सारे ठीक होते. बोलू लागले तेव्हा त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्यातच शोधले, कारण त्यांच्या सिद्धान्तात दुसरी जागाच नव्हती. दोष असल्याशिवाय दुःख येत नाही, असे ते म्हणत होते. जखम असल्याशिवाय वेदना होत नाही, असे वैद्यक म्हणत होते. दोन्हीकडे सिद्धान्त वाचवण्यासाठी माणसाला खोटे ठरवले गेले. ग्रंथाच्या अखेरीस देव त्या मित्रांनाच बोल लावतो, हे आपण जाणतोच.

युद्धभूमीवरील साक्ष

गंमत अशी, की ज्या महायुद्धात 'मनोजन्य' हा शिक्का रूढ झाला, त्याच महायुद्धाने दोरीचा दृष्टान्त खोटा पाडणारी साक्षही दिली. हेन्री बीचर हे बोस्टनचे भूलतज्ज्ञ इटलीच्या आघाडीवर लष्करी सेवेत होते. त्यांनी २१५ गंभीर जखमी सैनिकांना, वेदनेसाठी औषध हवे का, असे विचारले. हाडे मोडलेली, पोट वा छाती फाटलेली ही माणसे होती. तरीही त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना औषधाची गरज वाटली नाही. हा वृत्तान्त बीचर यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. रणांगणावरच्या सैनिकाला जखम म्हणजे मरणाच्या दाढेतून सुटका आणि घरची वाट वाटते, म्हणून तीच जखम त्याला कमी दुखते, असा त्यांनी अर्थ लावला.

म्हणजे दोरी जोराने ओढली जात होती आणि घंटा मुकी होती. मग दोरी न ओढताही घंटा वाजू शकेल काय? हा उलटा प्रश्न नीट विचारला जाण्यास आणखी काही दशके जावी लागली.

मधले दार

१९६५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांचा एक लेख आला. मेलझॅक हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ, वॉल हे इंग्लंडचे मज्जाशास्त्रज्ञ. दोघांनी असे मांडले, की शरीराकडून येणारा निरोप थेट मेंदूत जात नाही. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या मागील भागात त्याला जणू एक दार लागते. वेदनेचे निरोप आणणारे बारीक तंतू ते उघडतात, स्पर्शाचे निरोप आणणारे जाड तंतू ते लोटतात. लेकराचे कोपर आपटले की आई चटकन तिथे हात चोळते आणि रडे ओसरते, त्यामागे हेच कारण असावे. आणि या साऱ्याहून महत्त्वाचे म्हणजे, मेंदूही वरून आज्ञा धाडून हे दार कमीअधिक उघडू शकतो.

त्यांनी रेखाटलेल्या जोडण्यांचे काही तपशील पुढे चुकीचे ठरले, पण मूळ कल्पना टिकली. घंटा आणि दोरी यांच्या मध्ये कोणीतरी राखणदार आहे, हे मान्य झाले.

राखणदाराची ओळख हळूहळू पटत गेली. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूच्या खोलवरच्या एका भागात सौम्य विद्युत्‌प्रवाह सोडला आणि भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया करता आली. १९७३ मध्ये बाल्टिमोर येथे कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी अफूजन्य द्रव्ये मेंदूत ज्या जागी चिकटतात त्या जागा दाखवून दिल्या. देवाने माणसाच्या मेंदूत अफूसाठी जागा का ठेवावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथून आले. जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी, अफूसारखे काम करणारी द्रव्ये सापडली होती. वेदना शमवण्याची सोय देहात जन्मतःच आहे. मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारी एक वाट आहे, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही रसायने तिथे कामाला असतात, आणि खालून येणाऱ्या निरोपांना आवर घालणे हे त्या वाटेचे एक काम आहे.

१९८३ मध्ये लंडन येथे क्लिफर्ड वुल्फ यांनी दुसरी बाजू उजेडात आणली. उंदराच्या पायाला इजा झाल्यावर मज्जारज्जूतील पेशीच अधिक संवेदनशील होतात आणि इजा झालेली जागा बधिर केली तरी ती संवेदनशीलता काही काळ राहते, असे त्यांना आढळले. दोरी सोडून दिल्यावरही घंटेचा कंप चालूच राहावा, तसे हे झाले. या अवस्थेला 'केंद्रीय संवेदनवृद्धी' म्हणता येईल.

नाव बदलले, दृष्टी बदलली

आता फायब्रोसायटिसच्या रुग्णांकडे नव्या नजरेने पाहणे शक्य झाले. १९७५ मध्ये टोरांटो येथील हार्वे मोल्डोफ्स्की, ह्यू स्माइथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या झोपेचा अभ्यास केला. गाढ झोपेच्या वेळीही त्यांच्या मेंदूत जागेपणीच्या लहरी घुसलेल्या दिसल्या. निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप मुद्दाम मोडली तेव्हा त्यांचेही अंग दुखू लागले. 'रात्रभर झोपूनही थकवा जात नाही' ही रुग्णांची तक्रार आळसाची नव्हती, हे यावरून कळावे.

१९७६ मध्ये फिलिप हेंच यांनी 'फायब्रोमायॅल्जिया' हे नाव सुचवले. जुन्या नावातला दाह गेला आणि वेदना तेवढी राहिली. १९८१ मध्ये अमेरिकेत मुहंमद युनूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० रुग्णांची ५० निरोगी व्यक्तींशी तुलना करून या विकाराची लक्षणे पद्धतशीर नोंदवली. १९९० मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष ठरवले. कमरेच्या वर व खाली, शरीराच्या दोन्ही बाजूंस किमान तीन महिने दुखणे, आणि नेमलेल्या १८ जागांवर चार किलो दाब दिला असता निदान ११ जागा दुखणे, असे ते निकष होते. या निकषांनुसार कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात केलेली पाहणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरांत सुमारे दोन माणसांना हा विकार आढळला, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक.

दरम्यान रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची तपासणी होऊ लागली होती. १९८८ मध्ये नॉर्वेतील संशोधकांना त्यात वेदनेचा निरोप पुढे नेणारे 'सबस्टन्स पी' हे द्रव्य वाढलेले आढळले. निरोपांना आवर घालणाऱ्या रसायनांचे अंश मात्र अमेरिकेतील एका अभ्यासात, १९९२ मध्ये, कमी आढळले. निरोगी माणसाच्या शरीरात एका ठिकाणी वेदना दिली असता दुसऱ्या ठिकाणची वेदना काहीशी दबते. ही सोय या रुग्णांमध्ये नीट काम करत नाही, असे १९९७ मध्ये स्वीडनमध्ये दिसून आले. दार अधिक उघडे आणि राखणदार थकलेला, असे हे चित्र होते.

२००२ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तो आम्हाला या इतिहासातील सर्वांत बोलका वाटतो. १६ रुग्ण आणि १६ निरोगी व्यक्ती यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्रण केले. जो दाब निरोगी माणसांना किरकोळ वाटला, त्याच दाबाने रुग्णांना स्पष्ट वेदना झाली, आणि मेंदूतील १३ भागांत त्यांची हालचाल निरोगी माणसांपेक्षा अधिक दिसली. निरोगी माणसांवरचा दाब बराच वाढवला, त्यांनाही तेवढेच दुखू लागले, तेव्हा दोन्ही गटांची चित्रे बरीचशी मिळतीजुळती झाली. रुग्ण जे तोंडाने सांगत होता, त्याला मेंदूच्या चित्राने दुजोरा दिला.

एवढ्याने सारे उलगडले असे नव्हे. २०१३ मध्ये जर्मनी व अमेरिकेतील संशोधकांना अनेक रुग्णांच्या त्वचेतील बारीक मज्जातंतू कमी झालेले आढळले. २०२१ मध्ये इंग्लंड व स्वीडनमधील संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा उंदीर स्पर्शाला व थंडीला अधिक संवेदनशील झाले. म्हणजे दोरीकडेही पुन्हा पाहावे लागत आहे. रुग्णांच्या सख्ख्या नात्यांत हा विकार अधिक आढळतो, तेव्हा आनुवंशिकतेचाही वाटा असावा. आणि काळजी, शोक, जागरण यांनी दुखणे वाढते हेही खरे आहे. कारण मन आणि वेदना यांच्या वाटा मेंदूत एकमेकींना भेटतात. परंतु मनाचा वाटा असणे वेगळे आणि दुखणे खोटे असणे वेगळे. हा भेद विसरला गेला, म्हणूनच एवढा अन्याय झाला.

साक्ष कोणाची?

या संशोधनाचे फळ उपचारांतही दिसले. २००७ नंतर अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळालेली औषधे दाह शमवणारी नाहीत. ती मज्जासंस्थेवर काम करतात. ती सर्वांना लागू पडतात असे नाही. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये साऱ्या उपायांची छाननी केली, तेव्हा ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. झेपेल तेवढा, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, असा त्याचा अर्थ. 'ऊठ, काम कर म्हणजे बरे वाटेल' असे खेकसणे म्हणजे व्यायामाची शिफारस नव्हे.

त्याहून मोठा बदल निदानात झाला. २०१० मध्ये नव्या निकषांतून त्या १८ जागा दाबण्याची अट गेली. शरीराच्या किती भागांत दुखते, थकवा किती, झोपेने विसावा मिळतो की नाही, हे आता रुग्णाला विचारायचे असते. म्हणजे डॉक्टरांच्या अंगठ्याची जागा रुग्णाच्या शब्दाने घेतली. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये अशा वेदनेला स्वतंत्र वर्ग दिला. इजा झाल्याचा स्पष्ट पुरावा नसताना, वेदना जाणण्याची यंत्रणाच बदलल्यामुळे होणारी ती वेदना, अशी तिची ओळख ठरली. २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना त्याच संघटनेने, माणूस 'मला दुखते' म्हणतो तेव्हा त्याच्या शब्दाचा आदर व्हावा, अशी टीपही जोडली.

आपल्या घरांत याला एक वेगळे वळण मिळते. 'देवाला अर्पण कर आणि सहन कर' असे आपण सहज सांगतो. स्वेच्छेने केलेल्या अर्पणाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण दुसऱ्याच्या दुखण्याचे अर्पण आपण परस्पर करू शकत नाही. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी, भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना, वेदना शमवून घेण्यात ख्रिस्ती माणसाला कोणतीही अडचण नाही, वेदना सोसत राहण्याचे सर्वसाधारण बंधन त्याच्यावर नाही, असे स्पष्ट केले होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी पत्र लिहिले. दुःखाला अर्थ असतो हे सांगणाऱ्या त्या पत्राच्या शेवटाकडे चांगल्या शोमरोनीची कथा येते. दुःखितापाशी थांबणे हे त्यातले पहिले कर्तव्य.

यरीहोच्या वाटेवर पडलेल्या त्या माणसाच्या जखमा उघड्या होत्या. त्या पाहूनही याजक आणि लेवी पुढे निघून गेले. मागच्या बाकावरच्या माउलीची जखम दिसत नाही, म्हणून तिच्यापाशी थांबणे अधिक कठीण आहे. तिथे तेल आणि द्राक्षरस यांच्या आधी विश्वास द्यावा लागतो. तिला मानेने आणि खांद्यांनी जे ठाऊक होते, ते शिकायला विद्वानांना देकार्तपासून आजवर साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली. आपल्याला तेवढा वेळ घेण्याचे कारण नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर ती दारापाशी भेटेल, तेव्हा 'रिपोर्ट काय आले?' असे न विचारता 'रात्री झोप लागली का?' असे विचारावे, आणि ती जे सांगेल ते खरे मानावे. मग तिच्या बरोबरीने, तिच्या चालीने, घरापर्यंत चालत जावे.